पोरगं चुकलं आणि जातच तसली



ज्वारीची काढणी उरकत आली, की आमच्या गावाबाहेर ओढ्याकाठी दरसाल पालं पडत. चार-पाच बिऱ्हाडं, दोन-तीन कुत्री, एखादं तट्टू, चार कोंबड्या आणि पोरंठोरं. आठ-पंधरा दिवस मुक्काम. कुणाच्या रानात मिळेल ते काम करायचं, बायकांनी दारोदार सुया, दाभणं, मणी विकायचे आणि एक दिवस उठून पुढच्या गावाला जायचं. मी लहान होतो तेव्हापासून हे बघत आलो. पण त्यांतल्या एकाचंही नाव आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं. 'पालवाली' एवढंच त्यांचं नाव.

दोन वर्षांमागची गोष्ट. पालं पडून तीन दिवस झाले असतील-नसतील, आमच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल रातोरात कुणीतरी कापून नेली. उन्हाळी भुईमूग ऐन आऱ्या सुटण्याच्या बेतात. पाण्याची केवढी नड! डोकं भणाणून गेलं. तसाच पारावर आलो. कुणीतरी सहज विचारलं, "पालं कधी पडली हो?" बस्स, तेवढ्यानं काम झालं. कुणी काही पाहिलं नव्हतं, कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. पण पारावर बसलेल्या पंधरा माणसांत एकानंही "कशावरून?" असं विचारलं नाही. मीही नाही. उलट मीच म्हणालो, "दुसरं कोण असणार?"

चार तरणी पोरं काठ्या घेऊन ओढ्याकडं निघाली. मागोमाग मी. पालातला म्हातारा पुढं झाला. तो भांडला नाही, की गयावया केली नाही. कसं वागायचं ते जणू त्याला पाठ होतं. त्यानं आपल्याच हातानं एकेक बोचकं सोडून आमच्यापुढं जमिनीवर पसरलं. जर्मनची भांडी, फाटक्या वाकळा, पिठाचा डबा, एक शाळेची वही. केबल नव्हती. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पालं उठून गेली.

बारा दिवसांनी केबल सापडली. तालुक्याला भंगारवाल्याकडं तांबं विकताना जो पोरगा धरला, तो आमच्याच भावकीतला निघाला. पारावर पुन्हा माणसं जमली. काय ठरलं? "पोरगं चुकलं. संगत वाईट लागली. बापाकडं बघून पदरात घ्या." मीही पदरात घेतलं.

रात्री जेवायला वाढताना आमची कारभारीण म्हणाली, "आपल्यातला खरा चोर निघाला, तर पोरगं चुकलं. त्यांच्यावर नुसता आळ आला, तर जातच तसली. हे कुठलं माप म्हणायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून हा प्रश्न मनात घर करून आहे. हे माप आपल्या मनात येतं कुठून? मिळेल ते वाचलं, जाणत्यांना विचारलं. आजच्या गप्पा त्याच्यावरच करू.

डोळ्यांच्या रंगाची शाळा

अमेरिकेत आयोवा नावाचं राज्य आहे. मका, सोयाबीन आणि वराहपालन यांसाठी प्रसिद्ध असलेला हा शेतीचा मुलूख. तिथं राइसव्हिल नावाचं एक खेडं आहे, वस्ती हजाराच्या आतबाहेर. त्या काळी गावात सगळी गोरी माणसं. काळ्या माणसाशी तिथल्या पोरांचा कधी संबंध आलेला नव्हता.

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांचा गोळी घालून खून झाला. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी गांधीजींच्या वाटेनं झगडणारा हा पुढारी. दुसऱ्या दिवशी राइसव्हिलच्या शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या जेन एलियट बाई वर्गावर आल्या. बाई त्याच भागातल्या शेतकरी घरात वाढलेल्या. भेदभाव वाईट असतो, असं नुसतं तोंडानं सांगून पोरांना काय कळणार, असा त्यांना प्रश्न पडला. म्हणून त्यांनी पोरांना त्याचा अनुभवच द्यायचं ठरवलं. पुढची काही वर्षं त्या नव्या नव्या वर्गांना हाच पाठ देत राहिल्या. १९७० सालच्या वर्गाचं चित्रीकरण झालं. त्यात जे दिसतं, ते सांगतो.

बाईंनी पोरांचे दोन गट केले. निळ्या डोळ्यांचे आणि तपकिरी डोळ्यांचे. मग सांगितलं, की निळ्या डोळ्यांची माणसं जास्त हुशार आणि जास्त चांगली असतात. त्यांना मधल्या सुट्टीत पाच मिनिटं जादा मिळतील. तपकिरी डोळ्यांच्या पोरांनी नळाला तोंड लावायचं नाही, त्यांनी कागदी पेल्यातनं पाणी प्यायचं. लांबून ओळखू यावं म्हणून त्यांच्या गळ्यात एक कापडी पट्टा बांधला. एखादीला पुस्तक उघडायला उशीर झाला, की बाई म्हणायच्या, बघा, तपकिरी डोळ्यांच्या मुलांसाठी किती वेळ थांबावं लागतं.

काल संध्याकाळपर्यंत एकमेकांचे सवंगडी असलेली ही पोरं. पण दुपार व्हायच्या आत निळे डोळेवाले तोऱ्यात वागू लागले आणि तपकिरी डोळेवाले कोपऱ्यात उभे राहू लागले. सुट्टीत एका पोरानं दुसऱ्याच्या पोटात गुद्दा मारला. का? तर त्यानं "तपकिरी डोळ्या" म्हणून हाक मारली. डोळे तर त्याचे जन्मापासून तपकिरीच होते. पण आदल्या दिवशीपर्यंत ती शिवी नव्हती.

दुसऱ्या खेपेला बाई म्हणाल्या, मी खोटं सांगितलं होतं, खरे चांगले तपकिरी डोळेवालेच. पट्टे उलटे झाले. ज्यांनी आधी सोसलं होतं, त्यांनी तरी दुसऱ्याला सांभाळून घ्यावं की नाही? पण पट्टा दुसऱ्याच्या गळ्यात बांधताना त्यांना आनंदच झाला. शेवटी पट्टे सोडले, तेव्हा पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

लहान लेकरांना असं दुखवावं की नाही, यावरून पुढं मोठा वाद झाला. खुद्द राइसव्हिलमध्येही अनेकांना हा प्रकार रुचला नाही. तो वाद खोटा नाही, आणि कुणी हौसेनं घरी हे करून बघावं असंही माझं म्हणणं नाही. पण एक गोष्ट त्यातून लख्ख दिसली. वाईट अनुभव आला म्हणून माणूस दुसऱ्याला हलकं समजतो असं आपण म्हणतो. तसा अनुभव त्या पोरांना कुठं आला होता? एका मानाच्या माणसानं सांगितलं आणि एक खूण दाखवली, एवढ्यावरच भागलं.

वेगळा पेला म्हटल्यावर आपल्या मुलखात कुणाला जास्त समजावून सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याला शाळेत होते, तेव्हा बसायला घरून गोणपाट न्यावं लागे आणि शिपायानं नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसेल, त्या दिवशी तहानलेलं राहायचं. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीनं घेतलं, त्यामागं अशा कितीतरी तहानेच्या दुपारी होत्या. राइसव्हिलच्या पोरांनी हे एखाद-दुसरा दिवस सोसलं. आपल्याकडं ते पिढ्यान्‌पिढ्या चाललं.

मनाचा हिशेब कुठं चुकतो

आता कुणी म्हणेल, माणूस ओळखायला नको का? ओळखायला हवाच. निवड करणं हा मनाचा धर्मच आहे. मातीचं ढेकूळ हातात घेतलं, की वाफसा आला का नाही ते आपल्याला कळतं. बैल चालताना बघितला, की त्याचा गुण कळतो. प्रत्येक वेळी पहिल्यापासून विचार करत बसलो, तर पेरणी व्हायची नाही. हीच सवय माणसांच्या बाबतीत वापरायला गेलो, की घात होतो. मानसशास्त्रवाल्यांनी त्यातल्या तीन चुका दाखवल्या आहेत.

पहिली चूक आमच्या कारभारणीनं ओळखली तीच. थॉमस पेटिग्र्यू या अमेरिकन पंडितानं १९७९ साली ती मांडली. आपला माणूस चुकला, की आपण परिस्थितीला दोष देतो. संगत वाईट, नड होती, वय अडनिडं. परका चुकला, की त्याच्या रक्ताला दोष देतो. चांगलं वागण्याचं नेमकं उलट. आपला चांगला वागला तर रक्तच चांगलं, परका चांगला वागला तर "एखादा असतो तसा" किंवा "काहीतरी मतलब असणार".

दुसरी चूक हिशेबाची. नवं खत आलं, तर शहाणा शेतकरी काय करतो? एक पट्टा बिनखताचा राखतो. दोन्हीकडचं माप घेतल्याशिवाय खताचा गुण कळत नाही. पण माणसांबाबत आपण बिनखताचा पट्टा राखतच नाही. पालं पडली आणि चोरी झाली, हे वर्षानुवर्षं लक्षात राहतं. पालं पडली आणि चोरी झाली नाही, अशी किती सालं गेली? पालं नसताना चोऱ्या किती झाल्या? हे कुणी मोजलं नाही. मी आठवायला बसलो. गेल्या वीस वर्षांत आमच्या शिवारात मोटारी, केबली, शेळ्या अशा ज्या चोऱ्या झाल्या, त्या बऱ्याचशा भर पावसाळ्यातल्या निघाल्या. पावसाळ्यात पालं नसतातच!

तिसरी चूक सगळ्यांत नवलाची. गट पाडायला आपल्याला कारणच लागत नाही. हेन्री ताजफेल नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. पोलंडात जन्मलेला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूनं लढताना जर्मनांच्या कैदेत पडला आणि वाचला. युद्ध संपल्यावर कळलं, की घरची माणसं आणि बहुतेक सारे स्नेही नाझींनी मारून टाकले. शेजारी राहणारी साधी माणसं अशी कशी बदलतात, हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला. पुढं इंग्लंडात ब्रिस्टलला त्यानं चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी पोरांवर एक प्रयोग केला. तो १९७० साली छापून आला. पोरांना पडद्यावर ठिपके दाखवले आणि किती आहेत ते अंदाजानं सांगायला लावलं. मग सांगितलं, तुम्ही जास्त सांगणाऱ्यांच्या गटातले, तुम्ही कमी सांगणाऱ्यांच्या. खरं तर नावं वाटेल तशी टाकली होती. मग प्रत्येकाला दुसऱ्या पोरांमध्ये थोडे पैसे वाटायला दिले. स्वतःला त्यातलं काही मिळणार नव्हतं. कुणाला देतोय तेही ठाऊक नव्हतं, फक्त गट ठाऊक. तरी पोरांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्याहून वाईट म्हणजे आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त असलं पाहिजे, असाही त्यांचा कल दिसला. बांधावरून भांडणारे आपण तरी काय वेगळं करतो? स्वतःची दोन पोती गेली तरी चालतील, शेजाऱ्याची चार गेली पाहिजेत!

शिक्का बसलेल्याचं काय होतं

इथवर शिक्का मारणाऱ्याचं झालं. ज्याच्यावर तो बसतो, त्याचं काय?

एलियट बाईंच्या वर्गात अक्षरांच्या पत्त्यांचा एक सराव असे. तपकिरी डोळ्यांच्या पोरांना गळ्यात पट्टा असताना तो सराव पुरा करायला साडेपाच मिनिटं लागली. पट्टा सुटल्यावर त्याच पोरांनी तो अडीच मिनिटांत केला. पोरं तीच होती, डोकी तीच होती. आम्ही त्या पट्ट्याचाच विचार करत होतो, असं त्यांनी बाईंना सांगितलं. आपल्या शाळेत मागच्या बाकावर बसलेलं एखादं पोर "मठ्ठ" म्हणून सोडून देताना हे साडेपाच आणि अडीच आठवावं.

केनेथ आणि मेमी क्लार्क हे काळं जोडपं, दोघंही मानसशास्त्रज्ञ. १९४० च्या सुमारास त्यांनी तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढं गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कुठली विचारल्यावर बहुतेक मुलांनी गोरी उचलली. वाईट दिसणारी कुठली म्हटल्यावर काळी दाखवली. मग विचारलं, यातली तुझ्यासारखी कुठली? तेव्हा काही लेकरं रडायला लागली. लोक काय म्हणतात ते इतक्या लहान वयात त्यांच्या काळजात उतरलं होतं. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनेविरुद्ध आहेत, असा निकाल १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दिला, तेव्हा क्लार्क यांच्या अभ्यासाचाही आधार घेतला होता.

आपल्याकडं तर इंग्रज सरकारनं हा शिक्का कायदा करून मारला. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. पुढं तो देशभर पसरला. अमुक जमातीत जन्मलास ना, मग तू गुन्हेगार. चोरी केली की नाही, हा प्रश्नच नाही. नाव पोलिसांच्या वहीत. ठरल्या वेळी हजेरी. परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर अशा लोकांना तारेच्या कुंपणाआड वसवलं. त्या वस्तीला लोक 'सेटलमेंट' म्हणत आले. देश १९४७ साली स्वतंत्र झाला. या माणसांवरचा कायदा मात्र ३१ ऑगस्ट १९५२ ला उठला. म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात आणि तो दिवस ते विमुक्त दिन म्हणून पाळतात.

कायदा उठला, पण वहीतला शिक्का आपल्या मनाच्या वहीत तसाच राहिला. हे वाचलं तेव्हा मला ओढ्याकाठचा म्हातारा आठवला. बोचकी कशी सोडून दाखवायची, हे त्याला पाठ का होतं ते कळलं. त्याच्या बापानं आणि आज्यानंही ती तशीच सोडली असतील.

रायनपाडा

"एवढं काय? बोचकी बघितली, मारलं तर नाही ना!" असं आमच्याकडं एकजण म्हणाला. त्याला मी रायनपाड्याचं सांगितलं.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात रायनपाडा हे गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या दिवसांत मोबाईलवर गावोगाव फिरत होते. मंगळवेढ्याच्या बाजूचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण तिथं आले होते. भिक्षा मागत फिरणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. कुणाला तरी संशय आला. गर्दी जमली. त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. पाचही जण मेले. टोळी नव्हती, काही नव्हतं. पाच घरं मात्र उघडी पडली.

आता हे ऐकून "त्या बाजूची माणसंच तसली" असं कुणी म्हणू नका. तसं म्हणालात, तर आपण पुन्हा तीच चूक केली. रायनपाड्याची माणसं आपल्यासारखीच कष्टकरी. लेकरांच्या काळजीनं घाबरलेली. भीती, अफवा आणि अनोळखी माणूस या तीन गोष्टी जमल्या आणि "कशावरून?" विचारणारा कुणी पुढं आला नाही, तर हे कुठल्याही गावात होऊ शकतं. आमच्या ओढ्याकाठी त्या दिवशी काठ्या होत्याच. त्या म्हाताऱ्यानं एक शब्द उलटा टाकला असता, तर काय झालं असतं? हा विचार आला, की मला अजून झोप लागत नाही.

एका दोराला धरून

याला औषध आहे का? आहे, पण नुसत्या भाषणाचं नाही.

मुझफर शेरीफ हा मूळचा तुर्कस्तानचा पंडित. १९५४ साली त्यानं अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात रॉबर्स केव्ह या रानातल्या छावणीत अकरा वर्षांची बावीस पोरं नेली. सगळी चांगल्या घरची, एकाच रंगाची, एकाच धर्माची. दोन गट करून वेगवेगळं ठेवलं. एक गट गरुडांचा, दुसरा सापांचा. मग रस्सीखेच आणि चेंडूफळीचे सामने लावले. चार-सहा दिवसांत शिव्या सुरू झाल्या, एकमेकांचे झेंडे जाळले, रात्री दुसऱ्याच्या खोपटात घुसून सामान उधळलं.

मग शेरीफनं त्यांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. काही उपयोग झाला नाही. जेवताना पोरांनी एकमेकांवर अन्नच फेकलं. तेव्हा त्यानं दुसरी युक्ती केली. छावणीचं पाणी बंद पडलं. टाकीपासून सगळी वाट तपासायची, तर सगळ्यांचे हात हवेत. तहान दोन्ही गटांना सारखीच. दोन्ही गट कामाला लागले. मग अन्न आणायला जाणारी मोटारगाडी सुरू होईना. पोरांनी काय केलं? ज्या दोरानं एकमेकांना ओढलं होतं, तोच रस्सीखेचीचा दोर गाडीला बांधला आणि दोन्ही गटांनी मिळून गाडी ओढली. ही संकटं शेरीफनं मुद्दाम घडवून आणली होती, पण पोरांना काय ठाऊक! परतताना सगळी एकाच गाडीतनं, मिसळून बसून गेली. एका गटाजवळ बक्षिसाचे पाच डॉलर होते. त्याचं थंड पेय त्यांनी सगळ्यांना पाजलं.

आणखी एक गंमत. आदल्या साली, १९५३ मध्ये, शेरीफनं असाच प्रयोग न्यू यॉर्क राज्यात केला होता. तो फसला. तिथं पोरांना आधी एकत्र राहू दिलं होतं. ओळखी झाल्या, मैत्र जमलं. मग गट पाडून काड्या घातल्या तरी पोरं भांडेनात!

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालच्या आपल्या ग्रंथात याचं सार सांगितलं आहे. माणसं जवळ आली की मनं जवळ येतात, पण त्यासाठी चार गोष्टी हव्यात. मान बरोबरीचा हवा, गरज एक हवी, काम मिळून हवं आणि वडीलधाऱ्यांचा त्याला पाठिंबा हवा. २००६ साली पाचशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले गेले. ओळख आणि सहवास वाढला की आकस बहुधा कमी होतो, असंच त्यातून निघालं.

मंडळी, यातला बरोबरीचा मान ही आपली अडचण आहे. आपण म्हणतो, आम्ही तर सगळ्या जातींची माणसं एका रानात राबतो. खरं आहे. पण एक मालक आणि दुसरा रोजगारी. दुपारी भाकरी सोडताना एक सावलीला आणि दुसरा बांधाच्या पलीकडं. चहाचा त्याचा कप अजून कित्येक घरांत वेगळा टांगलेला असतो. असं शंभर वर्षं एकत्र राबलं, तरी मनातला पट्टा सुटायचा नाही.

घरात काय करता येईल

हे सगळं सरकारनं करायचं, असं म्हणून हात झटकू नका. चार गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

मायबहिणींनो, लेकराला झोपवताना "गप झोप, नाहीतर पालवाला झोळीत घालून नेईल" असं म्हणायचं सोडा. आपल्या दृष्टीनं ती गंमत असते, लेकराच्या मनात तो पहिला पट्टा असतो.

पारावर, चावडीवर, लग्नाच्या मांडवात कुणी "ती माणसं तसलीच" म्हणालं, की भांडू नका. फक्त "कशावरून?" एवढं विचारा. पंधरांत एकानं विचारलं, तरी बाकीचे थबकतात.

मोबाईलवर चोरांचा, मुलं पळवणाऱ्यांचा निरोप आला, तर पुढं पाठवण्याआधी पोलीस पाटलांना विचारा. अंगठा दाबायला क्षण लागतो, पण गेलेला जीव परत येत नाही.

आणि दारी आलेल्या माणसाला नाव विचारा. पाणी देताना आपल्याच पेल्यातनं द्या. त्याचं लेकरू शाळेच्या वयाचं दिसलं, तर गुरुजींच्या कानावर घाला. त्या पालात मी शाळेची वही पाहिली होती. कुणाची, कितवीची, कुठल्या शाळेची, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी केबल शोधत होतो.

यंदाही ज्वारीची काढणी उरकत आली आहे. दोन सालं झाली, आमच्या ओढ्याकाठी पालं पडली नाहीत. भावकीतलं पोरगं आता सुधारलं, कामाधंद्याला लागलं, याचा आनंद आहे. त्याला आम्ही एक संधी दिली. त्या म्हाताऱ्याला भेटून "आमचं चुकलं" म्हणावं असं फार मनात आहे. आजूबाजूच्या गावांत विचारून बघितलं. लोक विचारतात, कोण म्हातारा? नाव काय? नाव मला कुठं ठाऊक आहे! मग निरोप तरी कुणाला आणि कसा पाठवावा?

तुमच्या शिवेवर पालं असतील, तर आज सांजच्याला एक चक्कर मारून या. काठी घरी ठेवा.

येतो मंडळी. राम राम.